वाचकांचे प्रश्न : कृषी अर्थशास्त्र आणि कृषी व्यवसायातलं पदव्युत्तर शिक्षण

प्रवेशाच्या तोंडावर असलेले आणि प्रबंधाच्या आकडेमोडीत अडकलेले, अशा दोन्ही प्रकारच्या विद्यार्थ्यांची पत्रं या वेळी आली. आकडेमोडीतल्या चुका उशिरा लक्षात येतात आणि तोवर पाहणी संपलेली असते. म्हणून त्या प्रश्नांना जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : कृषी पदवी झाली आहे. पुढे कृषी अर्थशास्त्रात एमएस्सी करावं की कृषी व्यवसाय व्यवस्थापनात एमबीए? दोन्ही माहितीपत्रकांत विपणन, वित्त, मूल्यसाखळी हे सारखेच शब्द दिसतात.

शब्द सारखे असले तरी वर्गात विचारला जाणारा प्रश्न वेगळा असतो. समजा मक्याचे भाव पडले. अर्थशास्त्राचा विद्यार्थी विचारतो : का पडले? त्यात वाढलेल्या पेऱ्याचा वाटा किती, घटलेल्या मागणीचा किती? आयात शुल्क बदललं तर भाव कुठे जातील? कृषी व्यवसायाचा विद्यार्थी पशुखाद्याच्या कारखान्याच्या जागी उभा राहतो : आत्ता किती माल घ्यायचा, किती महिने साठवायचा, त्यासाठी खेळतं भांडवल कुठून आणायचं? पहिल्याला कारण सिद्ध करावं लागतं, दुसऱ्याला अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यावा लागतो. तुम्हाला यातलं कोणतं काम रोज करायला आवडेल, हे आधी ठरवा.

नंतर अभ्यासक्रम उघडून तीन गोष्टी बघा. अर्थमितीचे, म्हणजे इकॉनॉमेट्रिक्सचे, किती विषय आहेत? प्रबंध सक्तीचा आहे की त्याऐवजी कंपनीतला प्रकल्प चालतो? मागच्या दोन-तीन तुकड्यांचे विद्यार्थी आज कुठे आहेत? पीएचडीचा विचार मनात असेल तर प्रबंध असलेलाच अभ्यासक्रम घ्या. प्रबंधाविना केलेल्या व्यावसायिक पदवीवर पीएचडीला प्रवेश मिळणं अशक्य नसतं, पण तुम्ही संशोधन करू शकता याचा पुरावा तुमच्याकडे नसतो आणि निवड समिती नेमका तोच शोधत असते.

प्रश्न : गणित बारावीनंतर सुटलं. प्रवेशाआधी सहा महिने आहेत. नेमकं काय करू?

क्रम असा ठेवा : एका चलाचं कॅल्क्युलस, आंशिक अवकलन, लाग्रांज पद्धतीने बंधनासह महत्तम काढणं, मॅट्रिक्स आणि शेवटी संभाव्यता. पीएचडीला जायचं असेल तर वरच्या विद्यापीठांत रिअल ॲनालिसिसचा एखादा विषय झालेला असणं उपयोगी पडतं. एमएस्सीला त्याची गरज नाही.

व्हिडिओ बघून गणित येत नाही, कागदावर सोडवावं लागतं. सराव म्हणून एक उदाहरण घ्या. हेक्टरी उत्पादन (किलो) = २००० + २० न − ०.०५ न², इथे न म्हणजे हेक्टरी नत्र, किलोत. जास्तीत जास्त उत्पादन कधी येईल? अवकलन २० − ०.१ न शून्य धरलं की न = २०० आणि उत्पादन ४००० किलो. कृषिविद्येचा पेपर इथे संपतो, अर्थशास्त्राचा इथे सुरू होतो. एक किलो नत्राची किंमत सहा किलो धान्याएवढी असेल, तर २० − ०.१ न = ६, म्हणजे न = १४०. उत्पादन ३८२० किलो. १८० किलो धान्य कमी आलं, पण ६० किलो नत्र वाचलं, म्हणजे ३६० किलो धान्याचे पैसे वाचले. हेक्टरी १८० किलो धान्याएवढा निव्वळ फायदा झाला. आता किंमतीचं गुणोत्तर दहा धरून स्वतः सोडवा. उत्तर १०० किलो नत्र आणि ३५०० किलो धान्य यायला हवं.

असा प्रश्न अडखळत का होईना सोडवता आला, की पहिल्या सत्रातल्या उत्पादन अर्थशास्त्राचा गाभा तुमच्या हातात आला. मॅट्रिक्सच्या सरावासाठी पाच निरीक्षणं आणि एक स्वतंत्र चल घेऊन लघुतम वर्ग पद्धतीचे गुणांक एकदा हाताने काढा. संगणकावर आलेलं कोष्टक वाचताना तो सराव फार कामी येतो.

प्रश्न : १२० शेतकऱ्यांची पाहणी करून कॉब-डग्लस उत्पादन फलन (निविष्ठांवरून उत्पादन काढणारं सूत्र) बसवलं. आर-वर्ग ०.९२ आला, मार्गदर्शक खूश आहेत. पण मजुरीचा आणि कीटकनाशकाचा गुणांक ऋण आला. ही चलं काढून टाकू का?

काढू नका. ऋण गुणांक काहीतरी सांगतो आहे, तो लपवला तर प्रबंधातला सर्वांत महत्त्वाचा भागच जाईल.

आधी आर-वर्गाकडे, म्हणजे उत्पादनातला किती फरक फलन समजावतं त्या आकड्याकडे, बघू. उत्पादन, बियाणं, खत, मजुरी हे सगळं तुम्ही शेताच्या एकूण आकड्यांत घेतलं असेल. मोठ्या शेतकऱ्याचं सगळंच मोठं, लहानाचं सगळंच लहान. म्हणजे प्रत्येक चल खरं तर क्षेत्रच मोजतं आहे. त्यामुळे आर-वर्ग फुगतो आणि चलं एकमेकांत इतकी गुंततात की कोणाचा किती वाटा हे वेगळं काढता येत नाही. व्हीआयएफ, म्हणजे चलं एकमेकांत किती गुंतली आहेत ते सांगणारा आकडा, काढा. तो दहाच्या पुढे असेल तर ही शंका खरी समजा. मग सगळी चलं हेक्टरी करून फलन पुन्हा बसवा. आर-वर्ग ०.४ च्या आसपास घसरला तर घाबरू नका. हेक्टरी उत्पादनातला बराचसा फरक पाऊस, जमीन, कीड यांमुळे पडतो, आणि तो निविष्ठांनी समजावून सांगता येत नाही, हेच खरं चित्र आहे.

आता मजुरी. ती पैशांत घेतली आहे की दिवसांत? घरच्या माणसांचे दिवस मोजले आहेत का? पैशांत घेतली आणि घरची माणसं वगळली, तर मजूर न लावता स्वतः राबणारा शेतकरी तुमच्या तक्त्यात शून्य श्रमाचा ठरतो. त्याचं उत्पादन चांगलं असलं की श्रमाचा गुणांक आपोआप खाली ओढला जातो. पुरुष, स्त्रिया, घरचे, बाहेरचे असे दिवस वेगळे लिहा आणि एकाच एककात आणा.

कीटकनाशकाचा मुद्दा खोल आहे. ज्याच्या शेतात कीड पडली तो जास्त फवारतो आणि त्याचंच उत्पादन कमी येतं. आकडेवारीत कीड दिसत नाही, फवारणी दिसते. त्यामुळे फवारणीने उत्पादन घटतं असं वाटतं. निविष्ठा शेतकऱ्याने परिस्थिती बघून ठरवलेल्या असतात, प्रयोगशाळेसारख्या वाटून दिलेल्या नसतात. ही अडचण मार्शाक आणि अँड्र्यूज यांनी १९४४ मध्येच मांडली होती. शेतकऱ्याचं न दिसणारं कसब याच प्रकारे गुणांक बिघडवतं, हे मुंडलाक यांनी १९६१ मध्ये दाखवलं आणि त्याच शेतांची एकापेक्षा जास्त वर्षांची आकडेवारी असेल तर त्यातून वाट कशी काढायची हेही सांगितलं. तुमच्याकडे एकाच हंगामाची आकडेवारी आहे, म्हणून तो मार्ग बंद. पण किडीचा प्रादुर्भाव किती होता हे प्रश्नावलीत विचारलं असेल तर ते चल घ्या. विचारलं नसेल तर त्याच शेतकऱ्यांना फोन करून विचारा, १२० फोन होतात. शिवाय लिचटेनबर्ग आणि झिलबरमन यांनी १९८६ मध्ये दाखवल्याप्रमाणे, कीटकनाशक खतासारखं उत्पादन वाढवत नाही, ते होणारं नुकसान टाळतं. म्हणून त्याला फलनात वेगळी जागा द्यावी लागते. एमएस्सीच्या प्रबंधात तसं फलन बसवलं नाहीत तरी चालेल, पण हा मुद्दा चर्चेच्या प्रकरणात यायलाच हवा.

एक चूक जवळजवळ प्रत्येक प्रबंधात सापडते, ती म्हणजे शून्यांची. काही शेतकऱ्यांनी खत वापरलेलंच नसतं. कॉब-डग्लस फलन बसवताना प्रत्येक चलाचा लॉग घ्यावा लागतो, पण शून्याचा लॉग निघत नाही, म्हणून सगळ्या आकड्यांत एक मिळवून लॉग घेतला जातो. आता गणित बघा. खत किलोत असेल तर ५० किलो वापरणारा आणि न वापरणारा यांच्यातलं अंतर नैसर्गिक लॉगमध्ये ३.९३ येतं. तेच खत ग्रॅममध्ये मांडलं तर १०.८२. पण २५ आणि ५० किलो वापरणाऱ्यांतलं अंतर दोन्ही वेळा ०.७ च्या जवळपासच राहतं. म्हणजे एकक बदललं की गुणांक बदलतो, आणि ज्या गुणांकाचं उत्तर एककावर ठरतं त्यावरून कोणालाही सल्ला देता येत नाही. बॅटीसी यांनी १९९७ मध्ये सुचवलेला उपाय सोपा आहे. खत न वापरणाऱ्यांसाठी एक डमी चल (खत न वापरणाऱ्याला १, वापरणाऱ्याला ०) घ्या आणि त्यांच्या लॉगच्या जागी शून्य लिहा. वापरणाऱ्यांचा लॉग जसाच्या तसा ठेवा.

शेवटी निष्कर्ष. गुणांकांची बेरीज १.०८ आली म्हणून 'वाढते प्रमाण-प्रतिफल', म्हणजे सगळ्या निविष्ठा दुप्पट केल्या की उत्पादन दुपटीहून जास्त, असं लगेच लिहू नका. त्या बेरजेची प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर) ०.०६ असेल तर टी-मूल्य (०.०८ ÷ ०.०६) जेमतेम १.३३ येतं, म्हणजे बेरीज खरं तर १ आहे ही शक्यता तुम्ही नाकारू शकत नाही. तसंच सीमांत उत्पादन काढताना गुणांक थेट किंमतीशी ताडू नका. खताचा गुणांक ०.१५, सरासरी उत्पादन ३८०० किलो आणि सरासरी खत १४० किलो असेल, तर खताच्या शेवटच्या किलोमागे ०.१५ × ३८०० ÷ १४०, म्हणजे साधारण ४.१ किलो धान्य मिळतं. खताचा किलो तीन किलो धान्याच्या किमतीचा असेल तर खत कमी पडतंय, सहाचा असेल तर जास्त होतंय. तुलना इथे करायची. आणि सरासरी भूमितीय घ्या, कारण फलन लॉगमध्ये आहे.

प्रश्न : नमुन्यात किती शेतकरी घ्यावेत? आमच्याकडे सगळे १२० घेतात.

१२० या आकड्यामागे शास्त्र नाही, एका विद्यार्थ्याला एका हंगामात जमेल एवढा तो आकडा आहे. प्रमाण मोजायचं असेल (समजा, पीकविमा घेणाऱ्यांचं) आणि पाच टक्क्यांच्या आत अंदाज हवा असेल, तर नेहमीच्या सूत्राने ३८४ येतात. पण ते सूत्र प्रत्येक शेतकरी स्वतंत्रपणे निवडला असं धरतं. तुम्ही गावं निवडता आणि प्रत्येक गावात दहा शेतकरी घेता. एकाच गावातल्या शेतकऱ्यांचा पाऊस, बाजार, दुकानदार एकच असतो, त्यामुळे दहा जणांकडून दहा जणांएवढी नवी माहिती मिळत नाही. गावातलं हे साम्य ०.१ एवढं माफक धरलं, तरी १ + (१० − १) × ०.१ = १.९ पट नमुना लागतो, म्हणजे ३८४ चे सुमारे ७३०. उलट बाजूने बघा : असे घेतलेले १२० शेतकरी प्रत्यक्षात ६३ जणांएवढेच काम करतात.

त्यामुळे एकूण आकडा वाढवणं शक्य नसेल तर गावं वाढवा आणि दर गावातले शेतकरी कमी करा. दर गावात पाच घेतले तर तोच गुणक १.४ वर येतो. प्रवासखर्च वाढेल, पण तो खर्च सार्थकी लागतो. विश्लेषणातही प्रमाण त्रुटी गावानुसार क्लस्टर करून, म्हणजे एका गावाला एक गट धरून, काढा.

प्रश्नावलीबद्दल दोनच गोष्टी. शेतकरी ज्या मापात बोलतो त्याच मापात उत्तर लिहा आणि रूपांतर घरी करा. बांधावर उभं राहून केलेल्या रूपांतरातली चूक नंतर सापडत नाही. आणि मजुरीचे दिवस हंगामाच्या शेवटी एकत्र विचारू नका. पेरणी, खुरपणी, काढणी असं कामागणिक विचारा, शक्य असेल तर हंगामात दोन-तीनदा जाऊन.

प्रश्न : दोन बाजारांतल्या मासिक भावांचा सहसंबंध ०.९५ आहे. ते बाजार एकात्म आहेत असं लिहिलं तर परीक्षक हरकत घेतील का?

घेतील, आणि ती योग्यच असेल. दोन्ही बाजारांत महागाईने भाव चढतात, दोन्हीकडे काढणीला उतरतात. एवढ्यावरच सहसंबंध ०.९ च्या वर जातो, मग त्यांच्यात एक गाडीसुद्धा मालाची ये-जा नसली तरी. कल असलेल्या दोन मालिकांचं रिग्रेशन किती फसवं असतं हे ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी १९७४ मध्ये दाखवलं. तेव्हा आधी मालिका स्थिर आहेत का, म्हणजे त्यांची सरासरी आणि चढउतार काळानुसार बदलत नाहीत ना, ते तपासा. नसतील तर सहसमाकलन, म्हणजे कोइंटिग्रेशन (दोन्ही मालिका दीर्घकाळात एकमेकींना धरून राहतात का), तपासा आणि मग त्रुटी-दुरुस्ती प्रतिमान बसवा. त्यातला समायोजन गुणांक, म्हणजे तफावतीचा किती भाग दर वेळी भरून निघतो तो आकडा, हाच तुमच्या प्रबंधाचा खरा निष्कर्ष. साप्ताहिक भावांत तो −०.२५ असेल तर दोन बाजारांतली तफावत निम्म्यावर यायला साधारण २.४ आठवडे लागतात. मासिक सरासरी घेतली तर ही हालचाल सरासरीतच विरून जाते, म्हणून साप्ताहिक भाव मिळवायची धडपड करा.

दोन ठिकाणी सांभाळा. आवक नसलेल्या दिवशी भाव नोंदलेला नसतो. ती रिकामी जागा आधीच्या आणि नंतरच्या भावांत सरळ रेष ओढून भरली तर तुम्ही स्वतःच मालिकेत नसलेली शिस्त घालता. जागा रिकामी ठेवा किंवा मोठ्या कालखंडाची सरासरी घ्या. आणि भावातला फरक क्विंटलमागे १५ व वाहतूक खर्च २० असेल, तर माल हलणारच नाही. अशा आठवड्यांत भाव एकमेकांमागे गेले नाहीत म्हणजे बाजार तुटलेले आहेत असं नाही. त्यासाठी उंबरठा असलेलं प्रतिमान लागतं.

याच पत्रात आवक आणि भाव यांच्या रिग्रेशनमधून मागणीची लवचिकता (भाव बदलला की मागणी किती बदलते) काढता येईल का, असंही विचारलं आहे. थेट नाही. दिसणारा प्रत्येक भाव मागणी आणि पुरवठा दोन्हींनी ठरवलेला असतो. फक्त पुरवठा हलवणारं काहीतरी, जसा उत्पादक भागातला पाऊस, हाताशी असेल तर मागणीचा वक्र सापडतो. फिलिप राइट यांनी १९२८ मध्ये तेलबियांच्या भावांसाठी हीच युक्ती वापरली आणि आजच्या इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल पद्धतीची सुरुवात तिथून झाली. पाऊस निवडताना मात्र एक बघा : तोच पाऊस ग्राहकांच्या उत्पन्नावरही परिणाम करत असेल, म्हणजे खाणारेही शेतकरीच असतील, तर युक्ती फसते.

प्रश्न : कृषी व्यवसायाच्या प्रकल्पात 'वायदे बाजारात हेजिंग केलं की भाव निश्चित होतो' असं लिहिलं. शिक्षकांनी वाक्य खोडलं. का?

कारण निश्चित होतो तो वायद्याचा भाव, तुमच्या हातात पडणारा भाव नाही. पेरणीच्या वेळी काढणी महिन्याचा वायदा क्विंटलमागे २२०० रुपये आहे आणि तुमच्या बाजारात हजर भाव नेहमी त्याहून १५० खाली असतो. तुम्ही वायदा विकता आणि २०५० ची अपेक्षा धरता. काढणीला वायदा १९०० वर आणि हजर भाव १७२० वर येतो. वायद्यात ३०० मिळाले, मालाचे १७२० मिळाले, एकूण २०२०. हेजिंग नसतं तर १७२० वरच थांबला असतात, पण अपेक्षेपेक्षा ३० कमीच आले. हे ३० म्हणजे बेसिसची, अर्थात हजर आणि वायदा भावांतल्या फरकाची, जोखीम. भावाची मोठी जोखीम देऊन तुम्ही ही छोटी जोखीम घेतली, एवढंच हेजिंग करतं.

प्रकल्पात तीन गोष्टी घाला. तुमच्या बाजारातल्या बेसिसचा किमान काही वर्षांचा काढणी महिन्यातला चढउतार. तुमच्या मालाची प्रत आणि करारातली प्रत यांतला फरक. आणि भाव वर गेल्यावर मधल्या काळात भरावी लागणारी मार्जिनची, म्हणजे सौद्यापोटी तारण म्हणून ठेवायची, रक्कम. वायदा २५०० झाला तर हिशेब शेवटी जुळतो, पण क्विंटलमागे ३०० आधी भरावे लागतात आणि माल अजून शेतात असतो. ही रोकड न जुळल्याने सौदा मध्येच तोडावा लागला, की हेजिंगचा सगळा उपयोग जातो.

प्रश्न : परदेशात पीएचडीसाठी अर्ज करायचा आहे. ४० प्राध्यापकांना ईमेल पाठवले, उत्तर नाही.

एकच मजकूर ४० जणांना गेला असेल तर उत्तर येणार नाही. शिवाय अनेक विभागांत, विशेषतः अमेरिकेत, प्रवेश समिती ठरवते. तिथे प्राध्यापकाने 'अर्ज करा' म्हटलं तरी तो प्रवेश नव्हे. जिथे विद्यार्थी थेट प्राध्यापकाच्या प्रकल्पावर घेतला जातो, तिथेच ईमेलला खरं वजन आहे. कुठे कोणती पद्धत आहे ते विभागाच्या प्रवेश पानावर बघा आणि मग पाच-सहा जणांनाच लिहा : त्यांचा कोणता शोधनिबंध वाचला, त्यातला कोणता प्रश्न तुम्हाला पुढे न्यायचा आहे, कोणती आकडेवारी हाताळता येते. दहा ओळी पुरेत.

उद्देशपत्रात घरच्या शेतीला एक वाक्य द्या, जास्त नको. बाकी जागा प्रबंधाला : प्रश्न काय होता, आकडेवारी कोणती, पद्धत का निवडली, काय चुकलं असतं आणि ते कसं तपासलं. तिसऱ्या प्रश्नातल्यासारख्या ऋण गुणांकाचा शोध तुम्ही कसा घेतला हे दोन परिच्छेदांत लिहिलंत तर ते समितीच्या लक्षात राहील, कारण पहिल्या वर्षानंतरची पात्रता परीक्षा पार केल्यावर तुम्ही रोज तेच करणार असता. आर्थिक मदतीचंही तपासून घ्या : पीएचडीला सहसा संशोधन किंवा अध्यापन सहायकाचं काम, शिकवणी शुल्कात माफी आणि विद्यावेतन मिळतं, पण किती वर्षांची हमी आहे हे प्रस्तावपत्रात लेखी असावं.

शिफारसपत्रं अशा शिक्षकांकडून घ्या ज्यांनी तुमचं काम वाचलं आहे. विभागप्रमुखाच्या सहीपेक्षा मार्गदर्शकाचे दोन नेमके परिच्छेद जास्त मोलाचे. त्यांना अंतिम मुदतीच्या महिनाभर आधी प्रबंधाचा गोषवारा, गुणपत्रक, उद्देशपत्राचा मसुदा आणि विद्यापीठांची यादी मुदतीच्या तारखांसह एकाच ईमेलमध्ये पाठवा, आणि मुदतीआधी आठवडाभर एकदा आठवण करा.